यूएसबी अडॅप्टर : दोन व्याकरणांमधील दुभाषी

कोल्हापूरनजीकच्या शिरोली वा गोकुळ शिरगाव येथील एखाद्या फौंड्रीत भट्टीचे तापमान राखणारा नियंत्रक मध्येच चुकीचा अंक दाखवू लागला, तर दोष तारेत आहे, संवेदकात आहे की आतील मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये आहे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. या मायक्रोकंट्रोलरला बहुधा ना कळफलक असतो, ना पडदा. त्याच्याशी संगणकाने बोलावयाचे, तर उभयतांमध्ये यूएसबी अडॅप्टर बसवावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी यास केवळ निराळ्या टोकाची वायर समजतात. वस्तुतः तो दुभाषी होय.

यूएसबीच्या व्यवहारात संगणक विचारील तेव्हाच उपकरणाने बोलावयाचे असते, तेही माहितीची गाठोडी बांधून. उलट, 1990 साली प्रमाणित झालेल्या जेटॅग पद्धतीत एकेक बिट घड्याळाच्या ठोक्याबरोबर सरकतो. येथे भाषाभ्यासकास परिचित अशी एक गोष्ट आढळते. जेटॅगच्या नियंत्रकास 16 अवस्था असतात. तोच बिट एका अवस्थेत आज्ञा ठरतो, तर दुसरीत निव्वळ माहिती. अर्थ बिटात नसून प्रसंगात असतो. टीएमएस या तारेवर लागोपाठ पाच ठोके 1 दिला, की कोणत्याही अवस्थेतून नियंत्रक आरंभस्थानी परततो. प्रत्येक बिटासाठी संगणकास स्वतंत्र विचारणा करावी लागली, तर काम अतोनात मंदावेल. म्हणून अडॅप्टर अनेक आज्ञा एकदम स्वीकारून ठोके स्वतः देतो.

सर्वच अडॅप्टर मात्र असे नव्हेत. स्वस्त सीरियल अडॅप्टर हा चिपमधील प्रोग्रॅमशी बोलतो. तो प्रोग्रॅम, निदान बूटलोडर, जागा असला तरच उत्तर मिळते. जेटॅगचा अथवा आर्मच्या दोन तारांच्या एसडब्ल्यूडी पद्धतीचा अडॅप्टर प्रत्यक्ष चिपशी बोलतो. प्रोग्रॅम अडकून पडला असता प्रोसेसर थांबवून त्याचे रजिस्टर व स्मृती वाचता येतात ती यामुळेच. तथापि प्रोसेसर थांबला म्हणजे भट्टी थांबली असे नव्हे. तापकाकडे जाणारा संकेत सामान्यतः त्या क्षणी होता तसाच राहतो, आणि भट्टी तापतच राहते. तापकाचा पुरवठा आधी तोडणे म्हणूनच अपरिहार्य. (या कामास रूढ झालेला ‘दोषशोधन’ हा शब्द अर्धाच अर्थ सांगतो, डीबगिंगमध्ये दोषाचे निवारणही अभिप्रेत असते.)

दुभाष्याची ओळख पटली नाही तर काय होते, याचे उदाहरण 2014 च्या ऑक्टोबरमध्ये घडले. प्रत्येक यूएसबी उपकरण संगणकास आपला उत्पादक-क्रमांक व वस्तु-क्रमांक सांगते. एफटीडीआय या स्कॉटलंडमधील कंपनीच्या सीरियल चिपच्या नकला बाजारात होत्या, आणि त्याही मूळ चिपचेच क्रमांक सांगत. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून संगणकांवर उतरला व त्याने अशा नकलांचा वस्तु-क्रमांक शून्य केला. चिपमध्ये काहीही जळाले नव्हते. केवळ नाव पुसले गेल्याने संगणक तिला ओळखेना. आपल्या उपकरणात नक्कल आहे हे ज्यांना ठाऊकही नव्हते, त्यांचेही काम अडले. गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. पुसलेला क्रमांक पुन्हा लिहिता येत होता. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तर पुढे शून्य हा क्रमांकही ओळखीच्या क्रमांकांच्या यादीत दाखल झाला.