यंत्र शाबूत, माहिती गहाळ

जुने यंत्र बंद पडले की त्याचे आयुष्य सरले असे समजून मोकळे होण्याची सवय आता सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु बंद पडलेले प्रत्येक यंत्र मोडलेलेच असते, असे नाही. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. हरवलेली असते ती ते चालविण्याची माहिती. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका संगणकाचे आणि त्याला जोडावयाच्या बारकोड-वाचकाचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

१९८३ साली अमेरिकेतील टँडी कंपनीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून ‘मॉडेल १००’ हा सुटसुटीत, कोठेही नेता येणारा संगणक विक्रीस आणला. तो बनविला होता जपानच्या क्योसेरा कंपनीने. आकार जाडजूड वहीएवढा, पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी, आणि चार पेन्सिल सेलवर सुमारे २० तासांचे काम. वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला. त्याच्या कडेला बारकोड वाचणाऱ्या ‘वाँड’साठी, म्हणजे पेनाच्या आकाराच्या वाचनकांडीसाठी, स्वतंत्र जोडणी ठेवलेली होती.

आज अशी वाँड जोडून ती बारकोडवरून फिरविली, तर बहुधा काहीच घडत नाही. मग वाँड निकामी ठरवून बाजूला टाकली जाते. हा निर्णय उतावीळपणाचा असतो. कारण वाँडची रचना अगदी साधी आहे. तिच्या टोकात एक प्रकाश देणारा दिवा आणि एक प्रकाश टिपणारा घटक असतो. पांढरी जागा प्रकाश परत पाठविते, काळी रेघ तो शोषून घेते. या चढउताराचे विद्युत्‌संकेत होतात आणि त्यांच्या कालावधीवरून रेघांची रुंदी ठरते. ‘कोड ३९’ या पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी ५ रेघा व ४ मोकळ्या जागा असतात आणि त्या ९ पैकी ३ रुंद असतात. हात मध्येच अडखळला की अरुंद रेघ रुंद भासते आणि वाचन फसते. म्हणून कोऱ्या समासापासून आरंभ करून पलीकडच्या कोऱ्या समासापर्यंत वाँड एकाच वेगाने ओढावी लागते.

तपासणीचा क्रमही साध्याकडून अवघडाकडे जाणारा हवा. प्रथम टोकावरची धूळ पुसावी. मग दिवा लागतो की नाही, ते पाहावे. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा असेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो पुष्कळदा दिसतो. दिवा लागत नसेल तर वायर जेथे वारंवार वाकते तेथे, म्हणजे जोडणीच्या तोंडाशी, ती तुटली आहे काय हे मीटरने तपासावे. असा दोष डाख देऊन दूर होतो. यापुढचा दोष फसवा असतो, कारण तो कागदावर असतो. इंकजेट छपाईची काही काळी शाई डोळ्यांना काळी दिसते, पण अवरक्त प्रकाश तिच्यातून आरपार जातो. वाँडच्या लेखी तो कागद कोराच असतो. कार्बनयुक्त काळ्या टोनरने तोच बारकोड छापला की तिला रेघा दिसू लागतात.

एवढे करूनही पडदा कोराच राहिला, तर दोष वाँडमध्ये शोधण्यात अर्थ नाही. मॉडेल १०० च्या कायम स्मृतीत बारकोडचा अर्थ लावण्याची व्यवस्थाच नाही. बारकोडच्या पद्धतीला अनुरूप असा प्रोग्रॅम बाहेरून, त्या काळी कॅसेटवरून, भरावा लागे आणि त्यासाठी स्मृतीच्या वरच्या टोकाला जागा राखावी लागे. आतली बॅटरी संपून स्मृती पुसली गेली की तो प्रोग्रॅमही जातो. कॅसेट हरवली असेल, तर निर्दोष वाँड आणि निर्दोष संगणक एकमेकांशेजारी मुके पडून राहतात.

प्रश्न येथे उभा राहतो. तार जोडता येते, दिवा बदलता येतो. पण गहाळ झालेली माहिती कोणत्या बाजारातून आणावयाची? रेडिओ शॅकने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तरीही हे संगणक आजही दुरुस्त होतात, याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्या सर्किटच्या नकाशांसह छापलेल्या दुरुस्ती-पुस्तिकेला आणि तिच्या प्रती जपून ठेवणाऱ्या हौशी लोकांना आहे. कंपनी अडचणीत आली, पण कागद उरला; म्हणून यंत्र उरले.

आजच्या यंत्रांच्या बाबतीत असे म्हणता येईल काय? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र सेवा केंद्राचा पत्ता मिळणे म्हणजे दुरुस्तीचा हक्क मिळणे नव्हे. सर्किटचा नकाशा आणि यंत्र चालविणारा प्रोग्रॅम हेही यंत्राचेच भाग होत. ग्राहकाने ज्याची किंमत मोजली, त्याचे हे भाग उत्पादकाने विक्री थांबविल्यानंतर तरी खुले करावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तसे न झाल्यास पुढील पिढीच्या हाती धडधाकट यंत्रे येतील, पण ती कशी चालवावयाची, हे सांगणारे कोणी नसेल.