मानेची शस्त्रक्रिया : मणके जोडावेत की कृत्रिम गादी बसवावी?

'मानेत गॅप आली आहे, ऑपरेशन सांगितले आहे,' असे म्हणत अनेक बांधव हातात एम.आर.आय.ची फिल्म घेऊन आमच्याकडे येतात. त्यांना हल्ली आणखी एक पेच पडतो. एक डॉक्टर मणके जोडू म्हणतात, तर दुसरे कृत्रिम गादी बसवू म्हणतात. दुसऱ्या उपचाराचा खर्च बहुधा जास्त असतो. मग कर्ज काढण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांची जोडी सोडली तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये गादी असते. ती झिजून किंवा फुगून मागे सरकली की हाताकडे जाणारी नस दाबली जाते. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या मणक्यांमध्ये हे जास्त घडते. मानेपासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. मात्र काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या फिल्ममध्येही फुगलेली गादी दिसते. केवळ फिल्म पाहून ऑपरेशन ठरत नाही. हाताची कळ बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत औषधे व व्यायाम यांनी कमी होते.

परंतु शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी मालिश, मान मोडून घेणे यांत एक दिवसही घालवू नये. आधीच दबलेल्या मज्जारज्जूला झटका बसला तर हातपाय लुळे पडू शकतात.

आता दोन्ही शस्त्रक्रियांकडे वळू. दोन्हींत गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन खराब गादी काढतात व नस मोकळी करतात. आराम मिळतो तो या मोकळेपणामुळे. रिकाम्या जागेत काय बसवायचे, एवढाच फरक. मणके जोडण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून रूढ आहे. तीत हाडाचा तुकडा किंवा पिंजरा बसवतात, बहुधा पट्टी-स्क्रूने आधार देतात आणि दोन्ही मणके जुळून एक होतात. कृत्रिम गादीत तेथील हालचाल शिल्लक राहते. अमेरिकेत तिला पहिली सरकारी मान्यता २००७ साली मिळाली.

जोडल्यावर मान ताठ होईल ही भीती मोठी असते. पण मान डावी-उजवीकडे वळवण्याचे निम्मे काम वरचे दोन मणके करतात. त्यामुळे एकच जागा जोडली तर रोजच्या व्यवहारात फारसे अडत नाही. खरा प्रश्न शेजारच्या गाद्यांचा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मणके जोडलेल्यांपैकी दरवर्षी सुमारे ३ टक्के रुग्णांना शेजारच्या जागी नवा त्रास झाला. त्यात वयोमानाची झीज किती आणि जोडणीचा ताण किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. कृत्रिम गादी बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागले, असे पुढील चाचण्यांत दिसले. त्यांतील बऱ्याच चाचण्या गादी बनवणाऱ्या कंपन्यांच्याच खर्चाने झाल्या, हेही ध्यानात ठेवावे.

शिवाय ही गादी सर्वांना चालत नाही. हाडे ठिसूळ असतील, मागचे सांधे फार झिजले असतील, मणके अस्थिर असतील किंवा मणक्यांमागचा पडदा हाडासारखा कठीण झाला असेल, तर जोडणेच योग्य. काहींच्या कृत्रिम गादीभोवती पुढे हाड वाढून हालचाल थांबतेही. तरुण रुग्ण, एक-दोन जागांचा त्रास, मागचे सांधे चांगले, अशा वेळी गादीचा विचार जरूर करावा. साठीच्या झिजलेल्या मानेसाठी केवळ 'नवीन आहे' म्हणून घर गहाण टाकणे आम्हांला पटत नाही.

मणके जोडायचे असतील तर विडी-सिगारेट आधीच बंद करावी, कारण तिच्यामुळे हाड जुळायला अडथळा येतो. दोन्हींत काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो, तो बहुधा आपोआप सुधारतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन आणि सांगितलेला नेमका भाग बसतो का, हे पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड सोबत न्यावे.