शब्दांची फोड

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पनागर हे गाव आहे. सरकारी कामासाठी तेथे गेलो असता रस्त्याकडेला एक पेट्रोलचा टँकर उभा दिसला. त्याच्या पाठीवर इंग्रजीत शब्द होते, ‘हायली इन्फ्लेमेबल’. जवळच्या एका शाळकरी मुलाने तत्परतेने अर्थ सांगितला, “मुळीच न पेटणारे!”

अर्थ नेमका उलटा होता. परंतु, श्रोतेहो, त्या मुलाची रीत वाईट नव्हती. इंग्रजीतील पुष्कळसे शब्द उपसर्ग, मूळ व प्रत्यय यांच्या जोडणीने सिद्ध होतात. लॅटिन भाषेत ‘पोर्ट’ या मुळाचा अर्थ वाहून नेणे. त्यावरून इम्पोर्ट म्हणजे आत आणणे, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणे, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे नेणे. आणि ओझे वाहणारा तो पोर्टर. आपल्याकडे ‘हृ’ या धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार झाले, तसाच हा प्रकार. एक मूळ कळले की चार शब्द पाठ करण्याचे श्रम वाचतात.

मग मुलगा चुकला कोठे? इंग्रजीत ‘इन’ हे उपसर्ग दोन आहेत. एक नकाराचा, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे अदृश्य. तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा दूरचा भाऊबंद होय. दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्हेल’ म्हणजे श्वास आत घेणे. ‘इन्फ्लेम’मध्ये हा दुसरा आहे. इन्फ्लेम म्हणजे पेटवणे. त्याला योग्यता दाखवणारा ‘एबल’ जोडला की सहज पेट घेणारे, असा अर्थ होतो. मराठीतही ‘अनुचर’ आणि ‘अनुचित’ यांचा आरंभ सारखाच दिसतो. पण पहिला अनु अधिक चर, दुसरा अन् अधिक उचित. फोड चुकली की अर्थ गेला.

हा घोटाळा केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या संस्थेने १९२० च्या दशकापासून ‘इन’ गाळून ‘फ्लेमेबल’ असे लिहिण्याचा आग्रह धरला. अर्थ तोच, संशय मात्र उरला नाही. आपल्या रस्त्यांवर जुना शब्द अजून दिसतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी शब्द अवश्य फोडावा, अर्थाचा तर्कही करावा; निर्णय मात्र कोशाला विचारावा. आणि टँकरवरचा शब्द नीट कळेपर्यंत त्याच्याजवळ काडी ओढू नये.