कवचात अडकलेली घड्याळं

३१ ऑगस्ट २०१७. संध्याकाळी सात वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३९ उडालं. चारही टप्पे नीट पेटले, पण टोकावरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. आयआरएनएसएस-१एच हा १,४२५ किलोचा दिशादर्शक उपग्रह आतल्या आत रॉकेटपासून सुटला आणि तिथेच कोंडून राहिला. त्याच्या मालिकेतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली होती. म्हणून हा नवी घड्याळं घेऊन निघाला होता.

आता वर फिरत होतं एकच गाठोडं: कवच, आत उपग्रह, मागे चौथा टप्पा. जमिनीवरून ते ओळखायचं कसं?

मला थक्क करतं ते हे, की त्यासाठी मुख्यतः वेळ मोजतात. रडारची लहर जाऊन परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. परतलेल्या लहरीची वारंवारता किती सरकली यावरून वेग. अशा थोड्या नोंदी जमल्या की सगळी कक्षा मांडता येते आणि ती ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळींत मावते! पुढच्या वेळी वस्तू कुठे उगवेल, ते या दोन ओळींवरून काढतात.

ठरलेली कक्षा २८४ ते २०,६५० किलोमीटर उंचीची होती. तिथे एका फेरीला सहा तास लागले असते. पण टनभर कवचाचं ओझं वाहताना वेग कमी पडला आणि दूरचं टोक ६,५५५ किलोमीटरवरच राहिलं. केप्लरच्या नियमाने हिशेब करा: फेरी दोन तास चाळीस मिनिटांची. कवच डोळ्यांनी न पाहताही, वस्तू इतक्या लवकर परतते एवढ्यावरून काहीतरी मोठं बिनसल्याचं कळतं.

जवळचं टोक जेमतेम १६७ किलोमीटरवर होतं. तिथे हवा अतिविरळ, तरी दर फेरीला थोडी घासायची. झोक्यावर बसून तळाशी पाय घासला की झोका वर कमी जातो ना, तसंच इथे घडलं: घर्षण खालच्या टोकाला आणि उतरत गेलं वरचं टोक. दीड वर्ष फेरीची वेळ आक्रसत राहिली. ती दीड तासाच्याही खाली आली, आणि २ मार्च २०१९ रोजी ते गाठोडं वातावरणात शिरलं.