दिवा–पनवेल–रोहा लोहमार्ग : मार्ग, इतिहास व नाम

मुंबईच्या दक्षिणेकडील किनारपट्टीचा लोहमार्ग म्हटला की सामान्यतः ‘कोकण रेल्वे’ हे एकच नाव पुढे येते. परंतु त्या मार्गाचा उत्तरेकडील पहिला खंड, म्हणजे दिवा ते रोहा हा सुमारे १०१ किलोमीटरांचा भाग, निराळ्या काळी व निराळ्या प्रयोजनाने निर्माण झालेला आहे. त्या खंडाचे स्वरूप समजून घेतल्यावाचून पुढील मार्गाचा इतिहास नीट उलगडत नाही.

पनवेल हे जुने बंदर. १८३० साली बोरघाटातून चाकांच्या गाड्यांस योग्य असा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी जलमार्गाने पनवेलीस उतरून घाटाकडे जात असे. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे असा लोहमार्ग सुरू झाला. १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोचला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडील मार्गास मिळाला. हा मार्ग कल्याण व कर्जत यांवरून गेल्यामुळे पनवेल एका बाजूस पडले. देशातील पहिल्या लोहमार्गापासून इतक्या जवळ असलेल्या या गावास आगगाडी मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी दिवा–पनवेल मार्ग खुला झाला. पारसिकच्या डोंगराच्या पूर्वेस असलेल्या दिवा स्थानकापासून निघून तो दातिवली, निळजे, तळोजा पाचनंद, नावडे रोड आणि कळंबोली या स्थानकांवरून सुमारे २६ किलोमीटर अंतर कापीत पनवेलीस येतो. १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत व १९८६ मध्ये रोह्यापर्यंत वाढविण्यात आला. पनवेलच्या दक्षिणेस सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू व नागोठणे अशी स्थानके लागतात. पाताळगंगा, अंबा व कुंडलिका या पश्चिमवाहिनी नद्यांची खोरी या मार्गाने एकमेकांस जोडली गेली. या विस्तारामागे या भागातील कारखानदारीची निकड हे प्रमुख कारण होते.

स्थानकांची नावे या दृष्टीने बोलकी आहेत. बहुतेक नावे जुन्या गावांची आहेत. ‘रसायनी’ हे मात्र उघडच उद्योगवाचक असून, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कारखान्याच्या परिसराशी ते निगडित आहे. ‘नावडे रोड’ यातील ‘रोड’ हे पद रेल्वेच्या परिभाषेतील होय. मूळ गाव स्थानकापासून काहीसे दूर आहे, एवढेच ते सामान्यतः सुचविते. ‘कळंबोली’ या नामाच्या पूर्वपदात ‘कळंब’ हा वृक्षवाचक शब्द दिसतो. संस्कृत ‘कदंब’, प्राकृत ‘कलंब’, मराठी ‘कळंब’ असा त्याचा क्रम आहे. बोरिवलीसारखी वृक्षनामावरून पडलेली ग्रामनामे उत्तर कोकणात विरळ नाहीत.

कळंबोलीचे महत्त्व मात्र ग्रामनामापेक्षा स्थानावर अधिक अवलंबून आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईच्या आराखड्यात कळंबोलीस वसाहतीचे आणि लोखंड-पोलाद बाजाराचे स्थान मिळाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर पनवेलहून जासईमार्गे तिकडे जाणाऱ्या फाट्याची मालवाहतूक दिवा–पनवेल मार्गाशी जोडली गेली. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही कळंबोलीपासूनच आरंभ पावतो. लोहमार्गाने एकोणिसाव्या शतकात जी वाट पनवेलपासून दूर नेली होती, ती अशा रीतीने रस्त्याच्या रूपाने पुन्हा त्याच परिसरात आली.

तथापि मालाची सोय व माणसांची सोय या दोन गोष्टी एकाच मार्गाने साधल्या असे म्हणता येत नाही. १९९२ मध्ये वाशीस पोचलेली उपनगरी रेल्वे १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आली, ती खाडीपलीकडील स्वतंत्र मार्गाने. कळंबोली स्थानक त्या मार्गावर नाही. परिणामी कळंबोलीच्या रहिवाशास मुंबईकडे जाण्यासाठी मानसरोवर वा खांदेश्वर ही शेजारची स्थानके गाठावी लागतात. गावाच्या नावाचे स्थानक असणे आणि गावास उपयोगी पडणारे स्थानक असणे, यांतील हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

रोह्याच्या पुढील मार्गासाठी कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले. त्याच्या भांडवलात केंद्राचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा ठरला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम होऊन संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला. प्रशासकीय दृष्ट्या कोकण रेल्वे रोह्यानंतर सुरू होते. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा आहे. लोकव्यवहारात मात्र हे नाव पनवेलपर्यंत सहज पसरले आहे.

हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. दोन प्रशासने, दोन प्रयोजने व सुमारे तीन दशकांचा काळ एका नावाखाली झाकला गेला, की कोकणचा लोहमार्ग एका संकल्पातून एकदम उभा राहिला असा समज दृढ होतो. वास्तविक तो कारखान्यांच्या गरजेने तुकड्यातुकड्याने दक्षिणेकडे सरकला, आणि प्रवाशांची मागणी पुष्कळ काळ त्याच्या मागून चालत राहिली. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच रूढ नाव प्रमाण न मानता, ते कोणत्या खंडास, केव्हा व कोणाकडून लाविले गेले हे प्रथम पाहणे इष्ट होय.