विमान एकाचं, मैल दुसऱ्याचे

एअर इंडियाने प्रवास केला की पॉइंट, म्हणजेच मैलही, एअर इंडियाच्याच खात्यात जमा व्हायला हवेत, असा बहुतेकांचा समज असतो. तसं बंधन नाही. २०१४पासून ही कंपनी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे मुंबई–लंडन प्रवासाचे मैल सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर किंवा युनायटेडच्या मायलेजप्लस खात्यातही टाकता येतात. तिकीट काढताना तिथला सदस्य क्रमांक द्यायचा, एवढंच. अगदी स्वस्त भाड्यावर मात्र फार थोडे मैल मिळतात, कधी कधी एकही नाही.

खरी गंमत खर्च करताना कळते. त्याच विमानातल्या त्याच आसनासाठी प्रत्येक कंपनी वेगवेगळे मैल मागते. वर इंधन अधिभार. तो काही वेळा इतका असतो, की ‘फुकट’ तिकीट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! युनायटेड हा अधिभार घेत नाही. एअर कॅनडाच्या एअरोप्लाननेही तो २०२०मध्ये बंद केला. विमानतळाचे आणि सरकारी कर कुणालाच चुकत नाहीत.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत येत नाहीत. तेव्हा हव्या त्या तारखेला आसन दिसतंय का हे आधी पाहावं. क्रिसफ्लायरचे मैल ३ वर्षांनी बाद होतात. युनायटेडने २०१९मध्ये मुदतच काढून टाकली. नातवंडांना भेटायला चार वर्षांतून एकदा न्यू जर्सी गाठणाऱ्या आजी-आजोबांना हा फरक चांगलाच जाणवेल.