चिनी भाषेंत गणित शिकणारीं मुलें

लहान मूल बोलावयास शिकतें तें व्याकरणाच्या पुस्तकावरून नव्हे. आई पाणी देते, भाऊ चेंडू मागतो, आजी रागें भरते. अशा नित्याच्या व्यवहारांतूनच शब्द त्याच्या कानीं पडतात व जिभेवर येतात. मग शाळेंत परकी भाषाही याच रीतीनें शिकवितां येणार नाहीं काय? या विचारांतून जी पद्धति निघाली तिला आम्ही निमज्जन-पद्धति म्हणूं. तींत परकी भाषा हा निव्वळ एक विषय राहत नाहीं. इतर विषय शिकण्याचें तें साधन होतें.

कॅनडांत मॉन्ट्रियल शहराजवळ सेंट लॅम्बर्ट येथें १९६५ सालीं या पद्धतीचा प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला. इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनीं आग्रह धरून आपल्या मुलांसाठीं फ्रेंच भाषेंत चालणारा बालवर्ग उघडविला. पुढें हीच रीत मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषेसही लावण्यांत आली. अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें १९८१ सालीं अशी शाळा निघाली. आणि यूटा राज्यानें २००८ सालीं कायदा करून सरकारी शाळांत या पद्धतीस स्थान दिलें. यूटांतील अशा वर्गांत मुलें अर्धा दिवस एका शिक्षकाजवळ इंग्रजींत व अर्धा दिवस दुसऱ्या शिक्षकाजवळ मँडरिनमध्यें शिकतात. खालच्या इयत्तांत गणितही मँडरिनमध्येंच असतें. तेथें एक सोय आहे. चिनी भाषेंत अकरास 'दहा-एक' व एकवीसास 'दोन-दहा-एक' म्हणतात. आमच्या एकोणतीस-एकोणचाळिसांसारखी घोकंपट्टी मुलांस करावी लागत नाहीं.

परंतु इतर बाबतींत ही भाषा कष्टसाध्य आहे. 'मा' हा एकच उच्चार उंच व सम सुरांत केल्यास 'आई', चढत्या सुरांत वाखाची एक वनस्पति, खालीं जाऊन वर येणाऱ्या सुरांत 'घोडा', आणि झटकन उतरत्या सुरांत 'रागें भरणें' असे अर्थ होतात. शिवाय आमच्या बाळबोध अक्षरांवरून उच्चार कळतो, तसा चिनी चिन्हांवरून सरळ कळत नाहीं. चीनमधील मुलांसही नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणांत सुमारें ३५०० चिन्हें ओळखावयास शिकावें लागतें.

अमेरिकन परराष्ट्र-खात्याच्या शिक्षणसंस्थेच्या अंदाजाप्रमाणें इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढास मँडरिन चांगली येण्यास वर्गांतील सुमारें २२०० तास लागतात. आठवड्यास तीन तास व वर्षाचे ३६ आठवडे धरिले तर त्यास वीस वर्षें हवींत! रोज तीन तास व वर्षाचे १८० दिवस मिळाल्यास चार वर्षांत तो आंकडा जवळ येतो. मुलांस हा हिशेब तंतोतंत लागू नाहीं. तथापि अर्धा दिवस कां द्यावा लागतो, हें त्यावरून समजतें.

आईबापांचें खरें भय निराळें असतें. मूल स्वभाषेंत कच्चें राहील काय? सेंट लॅम्बर्टच्या मुलांची कित्येक वर्षें परीक्षा घेण्यांत आली. प्रारंभीं तीं इंग्रजी वाचनांत व लेखनांत मागें होतीं; परंतु शाळेंत इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाल्यावर त्यांनीं ती उणीव भरून काढिली. याचीं कारणें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. वर्गांतील सर्व मुलें सारखींच नवशिकीं होतीं. मुलांची भाषा शिक्षकास समजत होती. आणि घरची भाषा शाळेनें टाकून दिली नव्हती. या तीन गोष्टी जेथें नाहींत, तेथें त्यास निमज्जन म्हणूं नये. तें मुलास पोहणें न शिकवितां पाण्यांत लोटणें होय.

मराठी घरांतील पुष्कळ मुलें इंग्रजी माध्यमांतून शिकतात. तेव्हां ही गोष्ट केवळ परदेशची म्हणून सोडून देतां येत नाहीं. शाळेची भाषा ज्या आईबापांस येत नाहीं त्यांनीं संकोच मानूं नये. "आज काय शिकलास?" असें रोज सायंकाळीं मुलास विचारावें, आणि त्यानें तें आपल्या मराठींत समजावून सांगावें. ज्यास तें सांगतां आलें, त्याचा धडाही पक्का झाला आणि घरची भाषाही शाबूत राहिली.